स्वयंपाकघराचा सुतार

टक्कन आवाज झाला. पलंगाच्या कडेवरून केयूरची पाण्याची बाटली खाली पडली, फरशीवर दोन उड्या मारून कपाटाखाली गेली, आणि दुपारभर जपलेली शांतता फुटली.

पूर्वा होती तिथेच थिजली. एक बोट लॅपटॉपवर, एक पाय खुर्चीवर दुमडलेला, श्वास अर्धा घेतलेला. केयूरने कूस बदलली, "माय सीट... माझी सीट..." असं पुटपुटला, आणि स्कूलबसमधलं ते भांडण झोपेतच जिंकून पुन्हा घोरू लागला.

तिने उरलेला श्वास घेतला. मस्कतच्या वादी कबीर भागातल्या त्या दोन खोल्यांत तिची एक कचेरी होती. कचेरीला दार नव्हतं, पाटी नव्हती. पाच वर्षांच्या मुलाची दुपारची झोप, एवढीच ती कचेरी. डोळे मिटले की उघडायची, डोळे उघडले की मिटायची.

काम स्वरूपने आणलं होतं. स्वरूप म्हणजे नवरा. रुवीच्या एका कंत्राटदाराकडे माणसं पुरवायच्या खात्यात होता. त्या कंत्राटदाराची शे-दोनशे माणसं तिकडे दूर दुक्मला, एका जपानी कंपनीच्या साइटवर. आता जपानी साहेबांना प्रत्येकाच्या गळ्यातल्या कार्डावर त्याचा हुद्दा जपानीत हवा होता, कारण पुढच्या पंधरवड्यात त्यांचे चेअरमन यायचे होते आणि त्यांना इंग्रजी वाचायचा कंटाळा होता.

"तुझं जपानी काय गंजत पडलंय," स्वरूप म्हणाला होता. "दोन दुपारींचं काम. फक्त शेवटी ट्रान्सलेटरचं नाव लिहायची चौकट आहे ना, ती रिकामी ठेव. तुझ्या इथल्या सरकारी कार्डावर हाउसवाइफ आहे. उगाच लफडं नको."

पुण्यात ती चार वर्षं जपानी शिकली होती. लग्न, मस्कत, केयूर, या क्रमाने ते मागे पडत गेलं. आता फाइल उघडली तेव्हा माहेरच्या माणसाने हाक मारावी तसं झालं तिला. वेल्डर, फिटर, ड्रायव्हर भराभर उतरले. आणि कार्पेंटरपाशी घोडं अडलं.

तिने स्वरूपला फोन लावला. कुजबुजत.

"अरे, हा उत्तम म्हणून आहे ना, कार्पेंटर. कसला कार्पेंटर?"

"कसला म्हणजे? लाकडाचा!"

"तसं नाही रे. जपानीत घर बांधणारा सुतार वेगळा, होडी बांधणारा वेगळा. काँक्रीटच्या फळ्या ठोकणारा वेगळा, टेबलखुर्च्या करणारा वेगळा. नुसतं कार्पेंटर कसं लिहू?"

"बाप रे. आणि दार करून खिडकी करायला विसरला तर?"

"स्वरूप."

"अगं, माझ्यासमोर आमचा मालक, अर्बाब बसलाय. नंबर पाठवतो, त्यालाच विचार. यल्ला, ठेवतो."

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी पूर्वाला ठाऊक नव्हती. ठाऊक असायला हवी होती, कारण आखातात ती पोरासोरांनाही ठाऊक असते. माणूस काय काम करतो आणि त्याच्या व्हिशावर काय काम लिहिलेलं असतं, या दोन गोष्टींची गाठ पडेलच असं नाही. ज्या कामाचे व्हिसे शिल्लक असतात त्या कामाचा माणूस होऊन यायचं. मग विमानातून उतरलं की आपलं खरं काम करायचं आणि कुणी विचारलं तर व्हिशावरचं सांगायचं. कुडाळकडचा उत्तम साइटवरच्या मेसमध्ये आचारी होता. तो आला तेव्हा आचाऱ्यांचे व्हिसे संपले होते आणि सुतारांचे पडून होते. तेव्हापासून अनोळखी माणसाने कामाचं विचारलं की उत्तमच्या तोंडून झोपेतसुद्धा "कार्पेंटर" निघे.

"हॅलो, उत्तमराव का? मी मस्कतहून बोलतेय. तुमच्या कामाची थोडी माहिती हवी होती."

पलीकडे काहीतरी तळत होतं. ते झटकन बंद झालं.

"कार्पेंटर," उत्तम म्हणाला. "कार्पेंटर आहे मॅडम. व्हिसा पण कार्पेंटर, काम पण कार्पेंटर."

"हो, ते कळलं. पण कसलं? आजवर काय काय बांधलंत?"

असा प्रश्न उत्तमला आजवर कुठल्याही चौकशीत कुणी विचारला नव्हता. त्याची पाचावर धारण बसली. बाई लेबर खात्याच्या असणार, मराठी बोलून गळ टाकतायत. नुसती खुर्ची म्हटली तर विचारतील कसली खुर्ची. काहीतरी असं सांगावं की पुढे प्रश्नच येऊ नये.

"देऊळ," तो म्हणाला.

"देऊळ?"

"पूर्ण देऊळ. लाकडाचं. गावचं."

पूर्वाच्या अंगावर काटा आला. जपानीत देवळं बांधणाऱ्या सुताराला वेगळाच शब्द आहे, मियादाइकु. खिळा न मारता लाकडात लाकूड अडकवणारे, पिढ्यान्‌पिढ्या तेच करणारे लोक. हा शब्द ती वर्गात शिकली, वहीत तीनदा घोटला, आणि आपल्याला हा कधी वापरायला मिळणार म्हणून हळहळली होती. वर्गातल्या बाई नेहमी सांगायच्या, आधी माणूस बघा, मग शब्द काढा. पण दुक्म साडेपाचशे किलोमीटर लांब, केयूर कधीही उठणार, आणि शब्द इतका देखणा.

तिने लिहून टाकलं. उत्तम, मियादाइकु.

मग उठून केयूरच्या पायांवर पांघरूण ओढलं. किती तरी दिवसांनी तिला पोट भरल्यासारखं वाटत होतं.

*

आठवडाभराने तिचा फोन वाजला. केयूर जमिनीवर बसून डाळीच्या डब्यांची आगगाडी करत होता.

"बाईनु," पलीकडचा आवाज रडवेला होता. आता त्यात मॅडम नव्हती, ऑफिसातलं मराठी नव्हतं. "स्वरूपभाऊंनी सांगल्यानी, तां तुमीच लिवलास म्हणान. काय लिवलास गो माझ्या कार्डार?"

"का? काय झालं उत्तमराव?"

"सायेब माका वाकान नमस्कार करता."

"कोण साहेब?"

"कुरोदासायेब. मोठो सायेब. रोज सकाळी. म्हाताऱ्या माणसान असा वाकूचा काय? माझ्या हातांक मोजे घातल्यानी हत. कांदो कापूक देनत नाय. म्हणता, ह्ये हात जपूक होये."

"पण तुम्ही कांदा कशाला कापताय?"

"बाईनु," उत्तम म्हणाला, "मी कुक आसंय."

पूर्वा मटकन डब्यांच्या आगगाडीवर बसली. "आई! माझं इंजिन!" केयूर किंचाळला.

मग सगळं बाहेर आलं. कार्डं वाटली त्या दिवशी कुरोदासाहेब उत्तमच्या कार्डापुढे उभे राहिले ते हललेच नाहीत. मग त्यांनी हेल्मेट काढलं. त्या संध्याकाळी उत्तमला मेसमधून हलवून एसी केबिन दिली. मेस रिकामी पडली, तेव्हा कार्डांवर शोधाशोध करून कुक म्हणून लिहिलेला माणूस तिथे नेऊन उभा केला. तो होता रत्नागिरीकडचा महमूद. त्याच्या घरात तीन पिढ्या होड्या बांधतात, दुक्मला तो दारंखिडक्या बसवायचा, आणि तो आला त्या वर्षी सुतारांचे व्हिसे संपले होते.

"महमूदान काल भात केल्यान," उत्तम म्हणाला. "लेव्हल लावन सारखो केल्यान. पण शिजवूक इसारलो. लोकां उपाशी मरतत, बाई."

"आणि तुम्ही?"

"माका एक ओंडको दिल्यानी हा. जपानातसून इलो म्हणे, खास. चेअरमन येतले तेंच्या म्होरे माका तेचा कायतरी करूक होया. खिळो मारूचो नाय. मी तेका हात पण लावूक नाय. वास घेतलंय फकस्त. मी सुतार न्हय म्हणान सांगलंय, तर व्हिसा खोटो पडता. उद्याच्या इमानात बसवतले, परत येवचा नाय. माझा चेडू, लेक माझी, यंदाच नर्सिंगाक लागला हा. नाय सांगलंय, तर ओंडको आसाच थंय. कायतरी करा, माझे आये."

त्या संध्याकाळी स्वरूप घरी आला तेव्हा पूर्वा दारातच उभी होती.

"तो कुक आहे हे मला सांगायला काय झालं होतं तुला?"

"तू विचारलंस का? तू विचारलंस, कसला कार्पेंटर. कार्पेंटर आहे का, असं कुठे विचारलंस?" मग तिचा चेहरा बघून तो सोफ्यावर टेकला. "मला वाटलं, एवढं तर तुला कळेल. ज्याने देऊळ बांधलंय तो दुक्मला कशाला येईल?"

हे तिला सगळ्यात जास्त लागलं. बरोबर होतं म्हणून.

*

दोन दिवसांनी, ऐन दुपारी, स्वरूपचा निरोप आला. कुरोदासाहेबांना उत्तमशी लाकडाबद्दल सविस्तर बोलायचंय, जपानी येणारं माणूस फोनवर हवंय, आत्ता. केयूरच्या अंगात कणकण होती म्हणून तो शाळेत गेला नव्हता, आणि झोपायला तर मुळीच तयार नव्हता. तिने त्याला मांडीवर घेतलं, हातात खडू दिला, फोन स्पीकरवर ठेवला.

"त्सुयाकु-सान," पलीकडून एक हलका, म्हातारा आवाज आला. "आपल्याला त्रास देतोय."

त्सुयाकु म्हणजे दुभाषी. मस्कतला आल्यापासून तिला कुणी तिच्या कामाच्या नावाने हाक मारली नव्हती. इथे ती स्वरूपची मिसेस होती, केयूरची मम्मी होती, दोन नंबरच्या फ्लॅटवाली होती. तिचा हात नकळत केसांवरून फिरला.

"त्यांना विचारा," कुरोदा म्हणाले, "हे लाकूड समोर आल्यावर त्यांना काय वाटलं?"

तिने विचारलं.

"पोटात गोळो इलो," उत्तम म्हणाला.

खरं सांगावं तर माणूस जातो. तिने शब्द जुळवले. "ते म्हणतात, अशा लाकडासमोर आपण किती लहान आहोत हे पोटातून जाणवलं."

"आआ..." कुरोदांचा श्वास ऐकू आला. बहुधा ते पुन्हा वाकले असावेत, कारण मागून उत्तम पुटपुटला, "इलो, परत वाकलो."

"त्यांना विचारा, सुरुवात कुठून करणार?"

"सायबाक सांगा, माका घरी धाडू नको."

"ते म्हणतात," पूर्वाच्या कानशिलावरून घाम निघाला, "लाकडाला आपलं घर आठवतं. ते घर कुठल्या दिशेला होतं ते आधी समजून घ्यायला हवं. मग तिथून सुरुवात."

कुरोदा हळूच म्हणाले, "माझे आजोबा हेच म्हणायचे. चेअरमनना मी सांगणार आहे, छिन्नी त्यांनी स्वतःच्या हाताने यांना द्यावी. सगळ्या कॅम्पसमोर. पहिला घाव यांनी घालावा."

पूर्वाने डोळे मिटले. उत्तमला खड्ड्यातून काढायला ती दोर सोडत होती, आणि दर खेपेला खड्डा दोराइतकाच खोल होत होता.

"आई," केयूर खडू थांबवून म्हणाला. "अंकल इतकं शॉर्ट बोलले. तू इतकं लाँग का बोलली?"

तिने ओठांवर बोट ठेवलं.

"टीचर म्हणते, कॉपी करायचं तर सेम टू सेम. नाहीतर राँग."

"त्सुयाकु-सान? विचारता का, लाकूड अजून किती वेळ असंच ठेवायला हवं?"

तिने विचारलं. आता उत्तमही दमला होता. "माका काय ठावक, बाईनु? तांदूळ आसते तर अर्धो तास भिजत घातलंय असतंय."

मांडीवरचा तापलेला जीव तिच्याकडे टक लावून बघत होता. पूर्वाने पाठ ताठ केली.

"ते म्हणतात," ती जपानीत म्हणाली, हळू, एकही शब्द न वाढवता, "त्यांना माहीत नाही. तांदूळ असते तर अर्धा तास भिजत घातले असते."

फोनमध्ये दुक्मचा वारा वाहू लागला. केयूरचा खडू कागदावर करकरत होता. गेलं, तिला वाटलं. उत्तम गेला, स्वरूपची नोकरी गेली, आणि हे सगळं एका देखण्या शब्दापायी.

"आणि," कुरोदांनी शेवटी विचारलं, "मासा असता तर?"

तिने विचारलं. आणि पलीकडे जणू कुणी शेगडी पेटवली.

"मासो? खयचो मासो? सुरमय आसा तर तुकडी जाड नको, बोटभर. हळद-मीठ लावन ठेवची. खोबऱ्याचा वाटाप बारीक होया, आणि तिरफळां ठेचूची न्हय, नुसती सोडूची. इथल्या बाजारात येता ती सुरमय एक नंबर, पण ह्यो महमूद तिका रंधो मारीत बसलो हा!"

पूर्वाने सगळं सांगितलं, सेम टू सेम. तिरफळाला जपानी शब्द सापडेना, तेव्हा जिभेवर झिणझिण्या येतात ते फळ, असं सांगितलं. रंधा मात्र बरोबर सापडला.

कुरोदा हसले नाहीत. बारीक आवाजात म्हणाले, "म्हणजे कार्डं वाटायच्या आधीची ती आमटी यांची होती. ती गेल्यापासून माझं वजन घटलंय." मग जरा थांबून, "त्सुयाकु-सान, माझ्या इथल्या सरकारी कार्डावर काय लिहिलंय ठाऊक आहे? सहायक शिंपी. मी आलो तेव्हा तुमच्या कंत्राटदाराकडे तोच व्हिसा उरला होता. तीन वर्षं झाली. कुणी बटण लावायलासुद्धा दिलं नाही. आधी मी वाट बघायचो."

"मग तुम्हाला ठाऊक होतं की कार्डावरचं..."

"सगळं ठाऊक होतं. पण तो शब्द वाचला आणि आजोबा आठवले. या वाळवंटात आजोबांच्या कामाचं माणूस! मग मी पुढे काही बघितलंच नाही."

"मीही नाही," पूर्वा म्हणाली.

आता प्रश्न नवीन कार्डाचा होता. उत्तमला मेसमध्ये परत पाठवायचं तर कार्ड बदलायला हवं, आणि व्हिशाशी जुळायचं तर त्यातून सुतार जाता कामा नये. पूर्वाने उत्तमला विचारलं, "उत्तमराव, खरं सांगा. स्वयंपाकघरात लाकडाचं काही मोडलंय का?"

"मसाल्याच्या कपाटाची एक बिजागरी निखळली हा. दोन वर्सां झाली."

"बास," ती म्हणाली, आणि जपानीत म्हणाली, "दाइदोकोरो-दाइकु." स्वयंपाकघराचा सुतार.

"असा शब्द नाही," कुरोदा म्हणाले.

"नाही."

"छान आहे. दुरुस्तीला किती वेळ लागेल, विचारा."

"सकाळचो नाश्तो, दुपारचा जेवाण, रातचा जेवाण," उत्तम म्हणाला. "रोज."

तिने तसंच सांगितलं. कुरोदा म्हणाले, काम मोठं दिसतंय, आजपासूनच सुरू करा. महमूदचं कार्डही तिने त्याच बैठकीत बदललं. त्याला "शेडमधला आचारी" केलं. तिथे तो काय शिजवतो, हे बघायला कुणी गेलं नाही.

*

चेअरमन आले आणि गेले. स्वरूपने घरी येऊन सगळं करून दाखवलं, त्यांचं वाकणंसुद्धा. तो जपानी ओंडका महमूदने एका दुपारी कापला, खिळा न मारता पायात पाय अडकवून त्याचा एक भलाथोरला पाट केला. त्यावर उत्तमने चेअरमनसमोर सुरमई कापली, बिनमोज्याच्या हाताने. चेअरमननी तिसऱ्यांदा कालवण मागितलं, कार्ड वाचलं, आणि कुरोदांकडे वळून विचारलं, असे सुतार आपल्या टोकियोच्या ऑफिसला का नाहीत?

"आणि बिजागरी?" पूर्वाने विचारलं.

"ती तशीच आहे. उत्तम म्हणतो, ती बसवली तर माझी नोकरी संपली."

दुसऱ्या दिवशी दुपारी कुरोदांचा फोन आला. केयूर नुकताच बसमधून उतरला होता, एक मोजा पायात, एक हातात. कुरोदांना आभाराचं पत्र लिहायचं होतं. फाइलमध्ये ट्रान्सलेटरची चौकट रिकामी दिसली, कोणाचं नाव लिहू?

पूर्वाची नजर फ्रिजवर गेली. तिथे चुंबकाखाली तिचं कार्ड होतं. त्यावर हसरा फोटो, आणि फोटोशेजारी हाउसवाइफ.

"नाव नको," ती म्हणाली. "केयूर नो हाहा, असं लिहा." केयूरची आई.

"समजलं," कुरोदा म्हणाले. त्यांना खरंच समजलं असावं. शिंपी होते ते. "केयूर-कुन नो ओकाआसान, मनापासून आभार."

फोन ठेवला तर केयूर समोर उभा. "तू माझं नाव घेतलं! आणि हाहा म्हणाली! हाहा!" तो हातातला मोजा उडवत हसत सुटला. मग एकदम थांबला. "पण अंकल दुसरं म्हणाले. ओका... ओका काय?"

तिने त्याला ओट्यावर बसवलं, दुसरा मोजा काढला. "दोन्हीचा अर्थ आईच. तू दुसऱ्या कुणाला माझ्याबद्दल सांगशील, माझी आई अशी आहे, तशी आहे, तेव्हा मी हाहा."

"आणि मी तुला हाक मारतो तेव्हा?"

"तेव्हा मी ओकाआसान."

"आई, सेम तूच?"

"सेम मीच. कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय, त्यावर ठरतं."

केयूरने विचार केला. पाय ओट्याच्या कपाटावर आपटत राहिला, टक, टक, टक. त्याच्या मोज्यातली वाळू तिच्या तळहातावर सांडली होती. दुपार समोर सबंध पडली होती, आणि थोड्या वेळाने तो झोपणार होता.

"मग आई," तो म्हणाला, "मी झोपतो, आणि कोणीच तुला काही बोलत नाही, तेव्हा तू कोण असते?"